विद्यार्थ्याला प्रयोगशाळेत घेण्याआधी एक पान लिहा

प्रति,
विद्यापीठांतील रसायनशास्त्र व जीवरसायनशास्त्र विभागांचे प्रमुख, मार्गदर्शक प्राध्यापक आणि अभ्यास मंडळांचे सदस्य

स.न.वि.वि.

'पदवीच्या विद्यार्थ्यांना आमच्याकडे संशोधनाची संधी मिळते' हे वाक्य आता बहुतेक विभागांच्या माहितीपत्रकात असतं. कल्पनेत नवं काही नाही. अमेरिकेत एमआयटीने पदवीच्या मुलांना प्राध्यापकांच्या चालू संशोधनात घेण्याचा कार्यक्रम १९६९ मध्येच सुरू केला होता. त्यामुळे संधी द्यावी की नाही, हा वाद आता कुणी घालत नाही. घोडं पेंड खातं ते पुढे. मुलगी प्रयोगशाळेत येते, तिला कोट मिळतो, स्टूल मिळतं आणि 'त्या दादाला विचार' एवढी सूचना मिळते. चार महिने ती बफर (पीएच स्थिर ठेवणारं द्रावण) बनवते, पिपेटच्या टिप्सचे डबे भरते, काचसामान धुते आणि प्रमाणपत्र घेऊन जाते. शेजारच्या प्रयोगशाळेत दुसऱ्याच्या गळ्यात आठ पायऱ्यांचं संश्लेषण मारलेलं असतं. तो तिसऱ्या पायरीवर अडकतो आणि 'माझा हात चांगला नाही' अशी समजूत करून घेऊन बाहेर पडतो. दोघांच्या वाट्याला हे येतं ते एकाच कारणाने: काम देण्याआधी त्याचं माप कुणी काढलेलंच नसतं.

म्हणून आमची मागणी साधी आहे. जागा जाहीर करण्याआधी मार्गदर्शकाने प्रत्येक जागेसाठी एक पान लिहावं. प्रश्न कोणता, हे एका वाक्यात. त्यातलं आजच्या घडीला खात्रीने चालतं काय. तिसऱ्या आठवड्याअखेर हातात काय पडायला हवं. आठवड्याचे तास किती आणि ते कोणत्या वेळी. बाकावर शेजारी कोण उभं राहणार. हे पान लिहिता येत नसेल तर ती जागा अजून तयार नाही, असं समजावं आणि जाहीर करू नये.

तासांचा हिशेब आधी करू, कारण तो सहसा कुणी करत नाही. सोळा आठवड्यांचं सत्र धरा. दोन आठवडे सुरक्षा आणि उपकरणांच्या प्रशिक्षणात जातात, दोन परीक्षांत, एक अहवाल लिहिण्यात. उरले अकरा. आठवड्याला आठ तास म्हटलं तर ८८ तास. सेंद्रिय संश्लेषणाची एक पायरी सरावलेल्या हाताला अंदाजे सहा तास खाते: मांडणी, टीएलसीवर (पातळ पट्टीवर ठिपके वेगळे करणारी चाचणी) लक्ष, वर्कअप (अभिक्रियेनंतरची धुलाई), कॉलम (सिलिकाच्या नळीतून शुद्धीकरण), रोटावर (बाष्पीभवन यंत्रावर) द्रावक उडवणं, एनएमआर (रेणूची रचना दाखवणारा स्पेक्ट्रम). नवख्याला याच्या दुप्पट वेळ लागतो आणि तिनातली एक पायरी पुन्हा करावी लागते. म्हणजे एका सत्रात पाच पायऱ्या झाल्या तरी भरपूर झाल्या. त्यात यील्डचं, म्हणजे पदरात किती टक्के पदार्थ पडतो त्याचं, गणित मिळवा. सात पायऱ्या, प्रत्येकी ८० टक्के, तर शेवटी २१ टक्के उरतात. नवख्याचे ६० टक्के धरले तर २.८ टक्के. दहा मिलिमोलपासून सुरुवात करून शेवटी ०.२८ मिलिमोल! एवढ्यावर पुढचा प्रयोग होत नाही, आणि झालाच तर एकदाच.

पदवीच्या मुलाला शोभणारं संश्लेषण आडवं असतं, उभं नसतं. प्रयोगशाळेत रुळलेली एक अभिक्रिया घ्यायची आणि तीच आठ वेगवेगळ्या सबस्ट्रेट्सवर (ज्यांच्यावर अभिक्रिया होते त्या पदार्थांवर) करून पाहायची. एक फसली तरी बाकीच्या सात उभ्या राहतात, आणि फसलेली का फसली हाच एक चांगला प्रश्न असतो. पहिली दोन सबस्ट्रेट्स अशी द्यावीत ज्यांचं उत्तर मार्गदर्शकाला आधीच ठाऊक आहे. यात मुलाला फसवल्यासारखं काही नाही. अनोळखी पदार्थाचा निकाल वाईट आला तर दोष पदार्थाचा की हाताचा, हे कळायला दुसरा मार्ग नाही.

कॉलमचंच घ्या. अर्धा ग्रॅम कच्चा माल, ठिपके बऱ्यापैकी सुटे, तर पन्नासपट म्हणजे २५ ग्रॅम सिलिका, २३०–४०० मेश (कणांच्या बारीकपणाचं माप). हवा असलेला ठिपका टीएलसीवर द्रावकाने कापलेल्या अंतराच्या ०.३ च्या (यालाच आरएफ म्हणतात) आसपास राहील असं द्रावकाचं मिश्रण. आरएफ ०.३ असलेला पदार्थ साधारण सव्वातीन कॉलम-आकारमानानंतर बाहेर पडतो, हे सांगितलं की विद्यार्थी पहिल्या परीक्षानळीपासून धास्तावत नाही. चूक बहुधा भरताना होते. कच्चा माल हेक्झेन-इथाइल अॅसिटेटमध्ये विरघळत नाही म्हणून तो दहा मिली डायक्लोरोमिथेनमध्ये घेतो आणि वरून ओततो. पट्टा तिथेच चार बोटं रुंद होतो आणि सगळं एकत्र खाली येतं. अशा वेळी तो पदार्थ थोड्या सिलिकावर कोरडा करून भरायचा असतो. ही गोष्ट शेजारी उभं राहून एकदा दाखवली की जन्मभर पुरते, छापील सूचनेत ती कुणी वाचत नाही.

तास किती यापेक्षाही ते कसे मिळतात, हे महत्त्वाचं आहे. वेळापत्रकातल्या दोन तासिकांमधला मोकळा तास संशोधनाच्या हिशेबात धरू नका. संश्लेषणाला सलग चार तास लागतात. जीवरसायनाचं उलट. तिथे हात थोडा वेळ लागतो, पण नेमक्या वेळी लागतो, आणि ती वेळ जिवाणू ठरवतात. प्रथिन बनवून घ्यायच्या ई. कोलाय जिवाणूंचं कल्चर ओडी ६०० ला (६०० नॅनोमीटरवर मोजलेली गढूळता, म्हणजे जिवाणूंची दाटी) ०.०५ पासून ०.६ पर्यंत न्यायचं म्हणजे साडेतीन दुपटी. एलबी या पोषक माध्यमात ३७ अंशांवर दुपटीला २० ते ३० मिनिटं, सुरुवातीचा रेंगाळलेला वेळ धरून दीड-दोन तास. ओडी ०.५ दिसते तेव्हा व्याख्यानाची घंटा होते. मुलगी जाते, सव्वा तासाने धावत येते, तोवर ओडी दीडच्या पुढे गेलेली असते. ती तशीच आयपीटीजी (जिवाणूंत प्रथिननिर्मिती सुरू करणारं, म्हणजे इंडक्शनचं रसायन) घालते. पुढच्या आठवड्यात वेळेवर पोहोचते आणि ०.६ ला घालते. मग दोन बॅचेसमधलं प्रथिन वेगवेगळं का निघालं, यावर बैठकीत अर्धा तास चर्चा होते!

याला उपाय आहे आणि तो पद्धत निवडतानाच करायचा असतो. ऑटोइंडक्शन माध्यम वापरा. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मूळ कृतीत ०.५ टक्के ग्लिसरॉल, ०.०५ टक्के ग्लुकोज आणि ०.२ टक्के लॅक्टोज असतं. जिवाणू आधी ग्लुकोज संपवतात, ते संपेपर्यंत लॅक्टोजचा परिणाम दबलेला राहतो, मग इंडक्शन आपोआप सुरू होतं. संध्याकाळी लावायचं, सकाळी सेंट्रिफ्यूजवर गोळा करायचं. फ्लास्क पाचव्या हिश्श्यापेक्षा जास्त भरायचा नाही, नाहीतर हवा कमी पडते आणि सगळं गणित बिघडतं. प्रत्येक प्रथिनाला हे मानवेलच असं नाही. पण विद्यार्थ्याच्या वेळापत्रकात बसणारी पद्धत थोडं कमी प्रथिन देत असली तरी तीच निवडावी, असं आमचं मत आहे.

आता पानावरच्या दुसऱ्या मुद्द्याकडे: आज खात्रीने चालतं काय. एन्झाइमच्या गतीचा प्रकल्प देणार असाल तर प्लाझ्मिड (प्रथिनाचं जनुक वाहणारा डीएनए) तपासलेलं हवं, शुद्धीकरण आधी कुणीतरी दोनदा केलेलं हवं, आणि गुठळी होऊन खाली न बसणारं प्रथिन हवं. 'क्लोनिंगपासून सुरुवात कर, शिकशील' हे ऐकायला उदात्त वाटतं. प्रत्यक्षात सत्र संपतं तेव्हा मुलाच्या हातात अगार प्लेटचे फोटो असतात. त्यापेक्षा तयार प्रथिन द्या, त्याचा एक म्यूटंट (एखादा बदल केलेलं रूप) द्या, आणि एकच विचारा: या बदलाने केएम (निम्म्या कमाल वेगाला लागणारी सबस्ट्रेटची संहती) बदलतो की केकॅट (एन्झाइमचा एक रेणू सेकंदाला किती रेणू बदलतो तो आकडा)? एनएडीएच (अनेक एन्झाइमांना लागणारा सहघटक) खर्च होणारी अभिक्रिया असेल तर ३४० नॅनोमीटरवर थेट पाहता येते. मोलर शोषणांक ६२२०, म्हणजे एक सेंटिमीटरच्या क्युव्हेटमध्ये (मोजणीच्या पारदर्शक नळीत) ०.१ मिलिमोलर द्रावण ०.६२ दाखवेल. सुरुवातीलाच ०.६२ ऐवजी ०.४ आलं तर एनएडीएच जुनं आहे किंवा पिपेट चुकलं आहे, हे एन्झाइम घालण्याआधीच कळतं. पुढची चाचणीही सोपी आहे. एन्झाइम दुप्पट केलं की वेग दुप्पट व्हायला हवा. होत नसेल तर पुढे जाऊ नये. बहुतेक वेळा एन्झाइम इतकं जास्त असतं की क्युव्हेट हलवून झाकण लावेपर्यंत निम्मा खेळ आटोपलेला असतो. आधी सौम्य करा, आणि सबस्ट्रेट दहा टक्क्यांहून कमी खर्च झालं आहे तेवढाच सरळ भाग मोजा.

बफर बनवणं हे हलकं काम समजून नव्या मुलावर ढकललं जातं. ते तसं नाही. ट्रिस या बफरचा पीएच तापमानागणिक सरकतो, अंशामागे जवळपास ०.०३. खोलीत २५ अंशांवर ८.० ला जुळवलेला बफर ४ अंशांच्या शीतखोलीत ८.६ च्या घरात जातो. ज्याचा पीआय (एकूण भार शून्य होतो तो पीएच) ८.३ आहे असं प्रथिन खोलीत धनभारित आणि शीतखोलीत ऋणभारित. धनभारित प्रथिन धरणाऱ्या कॅटायन-एक्स्चेंज कॉलमला ते चिकटतच नाही आणि आठवडाभर दोष कॉलमला दिला जातो. प्रथिन धरून ठेवणाऱ्या निकेल कॉलमवर ईडीटीए (धातू पकडणारं रसायन) असलेला बफर घातला की निकेल धुपून पांढरी राळ उरते, डीटीटी (क्षपणक रसायन) घातला की ती तपकिरी होते. बफर करायलाच सांगायचं असेल तर हेही सांगा. मग ते शिक्षण होतं, एरवी वेठबिगारी.

पहिल्या तीन आठवड्यांत नवा निष्कर्ष मागू नका, हात तपासा. आमच्या मते सर्वांत उपयोगी चाचणी फुकटची आहे. चार दशांशांचा तराजू, शंभर मायक्रोलिटरला लावलेलं पिपेट आणि पाणी. दहा वेळा सोडून दहा वजनं वहीत लिहायची. २५ अंशांवर सरासरी ९९.७ मिलिग्रॅमच्या जवळ हवी आणि आकड्यांमधला फरक एक टक्क्याच्या आत. बहुतेकांचा पहिल्या दिवशी येत नाही. पाहत उभं राहिलं की कारण दिसतं: घेताना बटण दुसऱ्या थांब्यापर्यंत दाबलेलं असतं, किंवा अंगठा झटकन सुटतो आणि टिपमध्ये बुडबुडा येतो, किंवा टिप दोन सेंटिमीटर बुडवलेली असते आणि बाहेरच्या अंगाला थेंब लटकतो. ही चाचणी पास झाल्याखेरीज ब्रॅडफर्डची (रंगावरून प्रथिन मोजण्याच्या पद्धतीची) रेषा काढू देऊ नये. आणि रेषा काढताना वरच्या टोकाला वळलेले बिंदू सरळ रेषेत कोंबू देऊ नयेत. नमुना सौम्य करून पुन्हा मोजायचा असतो.

संश्लेषणाच्या बाजूला याच तोडीची चाचणी म्हणजे ओळखीच्या पदार्थाचा एनएमआर. दहा मिलिग्रॅम, ०.६ मिली ड्युटेरेटेड क्लोरोफॉर्म, नळीत चार-पाच सेंटिमीटर उंची. गढूळ दिसलं तर पिपेटमध्ये कापसाचा बोळा घालून गाळायचं, कारण तरंगणाऱ्या कणांनी शिमिंग (चुंबकक्षेत्र एकसारखं करणं) बिघडतं. मग स्पेक्ट्रमवर ७.२६ ला क्लोरोफॉर्म, १.५६ ला पाणी आणि ४.१२, २.०५, १.२६ ला इथाइल अॅसिटेट शोधायला लावा. ही शेवटची तीन शिखरं किती अहवालांत 'प्रॉडक्ट' म्हणून मिरवतात! त्यातून आणखी एक हिशेब शिकवता येतो. ३०० रेणुभाराच्या पदार्थात दर दोन रेणूंमागे एक रेणू इथाइल अॅसिटेट उरला असेल तर वजनाचे जवळपास १३ टक्के द्रावकाचे असतात. ९२ टक्के यील्ड मग ८० टक्के होतं.

डॉकिंगबद्दल, म्हणजे संगणकावर रेणू प्रथिनात बसवून पाहण्याबद्दल, थोडं कटू लिहितो. बाक रिकामा नाही, रसायनं नाहीत, म्हणून दहा मुलांना संगणकावर बसवून पन्नास रेणू एका प्रथिनात बसवायला सांगणं आणि बंधनाचा उणे नऊचा आकडा आला की 'संभाव्य औषध' म्हणणं, याला पाट्या टाकणं म्हणतात. संगणकी काम जरूर द्या, पण तिथेही खात्रीचा पाया असतो. स्फटिकरचनेतला मूळ लिगँड (प्रथिनाला बांधलेला रेणू) काढून पुन्हा बसवा. तो मूळ जागेपासून २ अँगस्ट्रॉमच्या आत परतत नसेल तर बाकीच्या पन्नास आकड्यांना अर्थ नाही. आणि ज्यांची प्रत्यक्ष मोजलेली बंधनक्षमता उपलब्ध आहे अशा काही रेणूंचा क्रम तरी बरोबर लागतो का, हे आधी पाहू द्या. तेवढ्यावरच चांगला सत्रप्रकल्प उभा राहतो.

शेजारी कोण उभं राहणार, याचं कागदावरचं उत्तर प्राध्यापक असतं आणि खरं उत्तर पीएचडीचा विद्यार्थी. पहिल्या तीन आठवड्यांत त्याचे आठवड्याला किमान चार तास यात जातात आणि तेवढं त्याचं स्वतःचं काम मागे पडतं. हे मान्य करून त्याच्या प्रगती अहवालात ते तास धरले पाहिजेत. एकाकडे दोनापेक्षा जास्त मुलं देऊ नयेत. ज्याचा प्रबंध सहा महिन्यांत सादर व्हायचा आहे त्याच्याकडे एकही देऊ नये.

सुरक्षेबाबत सगळं लिहीत बसत नाही, तुमच्याकडे नियमावली आहेच. पण एका घटनेकडे लक्ष वेधतो. जानेवारी २०१० मध्ये टेक्सास टेक विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागात निकेल हायड्रॅझिन परक्लोरेटचा स्फोट झाला आणि एका संशोधक विद्यार्थ्याने तीन बोटं गमावली. अमेरिकेच्या केमिकल सेफ्टी बोर्डाने चौकशी केली. १०० मिलिग्रॅमच्या वर बनवायचं नाही, ही मर्यादा तिथे तोंडी होती. बनवलेलं होतं सुमारे १० ग्रॅम. म्हणून प्रत्येक जागेच्या पानावर मात्रेची वरची मर्यादा आकड्यात लिहा, आणि ती ओलांडायला कुणाची सही लागते तेही. त्याखाली 'हे करायचं नाही' अशी चार ओळींची यादी हवी: हवेत पेट घेणारी लिथियम संयुगं, हायड्रोफ्लोरिक आम्ल, पिरान्हा द्रावण (सल्फ्युरिक आम्ल आणि हायड्रोजन पेरॉक्साइड), आणि अझाइडच्या कामात डायक्लोरोमिथेन. शेवटचं मुद्दाम लिहितो. वर्कअपला हात सवयीने त्याच बाटलीकडे जातो, आणि अझाइडबरोबर त्यातून डायअॅझिडोमिथेन हे स्फोटक तयार होऊ शकतं. प्रयोगशाळेत दुसरं कुणी नसताना पदवीच्या विद्यार्थ्याने प्रयोग करायचा नाही, या नियमाला अपवाद नको.

निवडीबद्दल. आज संधी त्याला मिळते ज्याला कुणाला विचारायचं हे ठाऊक असतं. प्राध्यापकाला थेट पत्र लिहायचं असतं, हे घरात आधी कुणी विद्यापीठात गेलेलं नसलेल्या मुलाला कोण सांगणार? सगळ्या जागा एकाच दिवशी, त्या एका पानासकट, एका जागी लावा आणि दोन आठवडे अर्ज खुले ठेवा. गुणांची चाळणी फार बारीक ठेवू नका. गुणपत्रिकेपेक्षा अर्जदाराच्या मोकळ्या वेळांचा तक्ता मागा. तो प्रकल्पाच्या वेळांशी जुळत नसेल तर नव्वद टक्केवाला मुलगाही महिनाभरात गळतो. आणि श्रेयांक किंवा मानधन, दोहोंपैकी एक तरी द्याच. फुकट काम करणं ज्यांना परवडतं तेवढेच अर्ज करणार असतील तर निवड तुम्ही केलेलीच नसते.

राहिली निघून जातानाची गोष्ट. प्रयोगवही बांधीव, पानांवर क्रमांक छापलेले, शाईने लिहिलेली, आणि ती प्रयोगशाळेतच राहते, हे पहिल्या दिवशी सांगावं. मुलाने हवी तर प्रत घ्यावी. व्हायलवर 'प्रॉडक्ट २, शुद्ध' असं मार्करने लिहिलेलं असतं आणि अॅसिटोनचा हात लागला की तेही उरत नाही. कागदी पट्टीवर पेन्सिलने वहीचा क्रमांक, पान आणि नमुन्याचं अक्षर लिहावं, वरून पारदर्शक टेप. एनएमआरच्या फाइललाही तेच नाव. नुसतं चित्र न ठेवता मूळ एफआयडी (यंत्राने नोंदवलेला कच्चा संकेत) ठेवायची. लेखात नाव येणार की आभारात, याची अट काम सुरू होतानाच त्या पानावर लिहून दोघांनी सही करावी.

शेवटच्या आठवड्यात नवा प्रयोग लावू देऊ नये. त्याऐवजी पुढच्या विद्यार्थ्याने मागच्याची वही उघडून, त्याला काही न विचारता, एक अभिक्रिया किंवा एक मोजणी पुन्हा करावी आणि जाणाऱ्याने शेजारी गप्प बसून पाहावं. जिथे तो अडेल तिथे वहीत काय लिहायचं राहिलं ते सापडतं, आणि लिहिणारा अजून खोलीत असतो.

येत्या सत्राच्या जागा जाहीर होण्याआधी हे पान तयार व्हावं, ही विनंती. नमुना हवा असेल तर आम्ही बसून तयार करून देऊ.

कळावे,

आपले,
प्रयोगशाळांत पदवीच्या विद्यार्थ्यांबरोबर रोज काम करणारे संशोधक विद्यार्थी, तंत्रसाहाय्यक आणि शिक्षक